केंद्र सरकारची खरेदी आणि गोमंतकातील लहान उद्योजक

(महाजनांच्या संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मरणिकेच्या पानांत देवस्थानचा इतिहास, उत्सवांची परंपरा आणि पूर्वजांच्या सेवेचे स्मरण यांना अग्रस्थान असते, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या कुळांच्या आधारावर ही देवस्थाने शतकानुशतके उभी राहिली, त्या कुळांचा आजचा चरितार्थ कसा चालतो, याचाही विचार एखाद्या वर्षी व्हावा, अशी कार्यकारिणीची इच्छा दिसली. म्हणून आज मी व्यवहारातला, काहीसा रुक्ष वाटणारा विषय निवडला आहे. केंद्र सरकार आपल्या गोमंतकात जी खरेदी करते, तिच्यात आपल्या लहान कारखानदाराला आणि सेवा पुरवणाऱ्या व्यावसायिकाला वाटा कसा मिळेल, हा तो विषय होय.

विषय रुक्ष असला तरी त्यामागची चिंता रुक्ष नाही. कुंडई, बेतोडा, मडकई या फोंडा तालुक्यातील औद्योगिक वसाहती आपल्या देवळांच्या सावलीतच वसल्या आहेत म्हणा ना! तेथील पत्र्याच्या छपराखाली चालणारे कितीतरी छोटे कारखाने महाजन घराण्यांचे आहेत. वडिलांनी कर्ज काढून लेथ घेतली, वेल्डिंगचे यंत्र घेतले, छापखाना टाकला. आणि आता मुलगा विचारतो, ‘बाबा, एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर हे किती दिवस चालवायचे? मी दुबईला गेलो तर काय बिघडले?’ या प्रश्नाला पोकळ अभिमानाने उत्तर देता येत नाही. कारखान्याला दुसरे, तिसरे गिऱ्हाईक मिळवून देणे, हेच त्याचे उत्तर. आणि या देशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपल्या उंबरठ्याशी उभे असताना आपण त्याच्याकडे पाहतही नाही, हे मला आज सांगावयाचे आहे.

केंद्र सरकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली येते. पण जरा आपल्याच मुलखात नजर फिरवा. वास्कोला गोवा शिपयार्ड आहे. १९५७ साली पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेला हा जहाजबांधणीचा कारखाना आज संरक्षण मंत्रालयाखालील कंपनी आहे, आणि २०२४ साली तेथे ‘त्रिपुट’ या युद्धनौकेचे जलावतरण झाले. शेजारी मुरगाव बंदराचे प्राधिकरण आहे. दाबोळीस नौदलाचा ‘हंसा’ हा विमानतळ आहे. दोनापावलास १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोच्या सड्यावर ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, जुने गोव्यास भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था. फर्मागुडीच्या परिसरात २०१६ साली आय.आय.टी. सुरू झाली. याशिवाय कोकण रेल्वे, टपाल खाते, तटरक्षक दल, राष्ट्रीयीकृत बँका आणि विमा कंपन्या आहेतच. सीमेपलीकडे पाऊल टाकले तर कारवारला २००५ पासून नौदलाचा ‘कदंब’ तळ आहे.

या प्रत्येक ठिकाणी रोज काही ना काही विकत घेतले जाते. नुसत्या युद्धनौका किंवा संशोधनाची यंत्रे नव्हेत, तर गॅस्केट, पाइप, खुर्च्या, रंग, छापील नोंदवह्या, गणवेश आणि जेवणाची भांडीसुद्धा. शिवाय वातानुकूलन यंत्रांची देखभाल, कपडे धुणे, साफसफाई, उपाहारगृह, भाड्याची वाहने अशा सेवा लागतातच. यातील बहुतेक वस्तू व सेवा आपल्या बारा तालुक्यांत मिळतात. तरीही त्या पुष्कळदा परराज्यातून येतात. असे का व्हावे?

कारण शोधू गेले तर तीन समजुती आड येतात. पहिली अशी की, सरकारी कामाला वशिला लागतो. दुसरी अशी की, ती कामे बड्यांची. लहानाचे तेथे काय चालणार? आणि तिसरी अशी की, काम मिळाले तरी पैसे मिळत नाहीत. या तिन्ही समजुतींत सत्याचा काही अंश आहे. नाहीतर त्या इतक्या टिकल्या नसत्या. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत नियम पुष्कळ बदलले, आणि आपल्या समजुती मात्र जुन्याच राहिल्या.

वडीलधाऱ्या मंडळींना ‘डी.जी.एस. अँड डी.’ हे नाव आठवत असेल. केंद्राच्या खरेदीचे हे महानिर्देशनालय. त्याचा दरकरार मिळवायचा तर दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत आणि तेथे ओळखीचा कोणी नसला की माणूस हिरमुसून परते. ते कार्यालय २०१७ सालच्या ऑक्टोबरअखेर बंद झाले. त्याच्या जागी आला तो ‘जेम’ नावाचा सरकारचा संगणकीय बाजार. ऑगस्ट २०१६ मध्ये तो सुरू झाला, आणि तेथे मिळणारी वस्तू केंद्राच्या खात्यांनी तेथूनच घ्यावी, असे २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी ठरवले. याखेरीज केंद्राच्या मोठ्या निविदा एका मध्यवर्ती खरेदी संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. म्हणजे जी बातमी पूर्वी ठरावीक कानांपर्यंतच पोचे, ती आता बेतोड्याच्या कारखान्यात बसून वाचता येते. ओळखीला आजही कोठे काही महत्त्व नसेल, असे मी म्हणणार नाही; पण दार सर्वांसाठी उघडे आहे, आणि आत शिरण्यास दलालाची गरज उरलेली नाही. ‘जेम’वर विक्रेता म्हणून नोंदणी करण्यास शुल्क नाही. नोंदणी करून देतो म्हणून कोणी हजारो रुपये मागू लागला, तर त्याला नमस्कार करून वाटेला लावावे.

बंधुभगिनींनो, निविदा म्हणजे काय, हे आपल्याला परक्याने शिकवण्याची गरज नाही. उत्सवाच्या अखेरीस देवळाच्या चौकात पावणी होते. कोमुनिदादीची शेतेही आपल्या पूर्वजांनी पावणीनेच घेतली. पावणीत वस्तू एक आणि घेणारे अनेक; जो सर्वांत वर जाईल त्याची वस्तू. निविदा ही उलटी पावणी आहे. येथे घेणारा एक आणि देणारे अनेक. जो अटी पूर्ण करून सर्वांत खाली येईल त्याचे काम. ‘जेम’वर तर कित्येक बोलींच्या शेवटी खरोखरच असा उलटा लिलाव चालतो आणि दर डोळ्यांदेखत उतरत जातो. मात्र एक फरक लक्षात ठेवावा. पावणीत खिशात पैसे असले की पुरे. उलट्या पावणीत दराआधी कागद पाहतात. तांत्रिक पाकीट आधी उघडते आणि दराचे नंतर. ज्याचे पहिले पाकीट अपुरे, त्याचे दुसरे पाकीट उघडतच नाही. माझ्या पाहण्यात आपली मंडळी दरात क्वचितच हरतात. ती बहुतेक पहिल्याच पाकिटात बाद होतात.

आता कायद्याने लहानास काय दिले आहे, ते पाहू. केंद्र सरकारने २०१२ साली सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेतला पाहिजे, असा तो आदेश आहे. आरंभी हे प्रमाण २० टक्के होते. २०१५ पासून ते बंधनकारक झाले, आणि २०१८ साली ते २५ टक्के करण्यात आले. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. बादल्या, नट-बोल्ट यांसारख्या ३५८ वस्तू तर केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यावयाच्या, अशी राखीव यादी आहे. निविदेचे कागद या उद्योगांना विनामूल्य मिळतात आणि बयाणा रक्कम भरण्यातूनही त्यांना सूट आहे. ही बयाणा सामान्यतः कामाच्या अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के असते. लहान माणसाचे भांडवल तिच्यात महिनोन्‌महिने अडकून पडते, म्हणून या सुटीचे मोल मोठे आहे. पुढे काम मिळाल्यावर द्यावयाची सुरक्षा ठेव मात्र सुटलेली नाही. तिची तरतूद आधीच करावी लागते.

या धोरणातील सर्वांत उपयुक्त कलम दराविषयी आहे. ते उदाहरणाने सांगतो. समजा, एका केंद्रीय संस्थेला यंत्राचे ४०० सुटे भाग हवे आहेत. एका बड्या कंपनीने प्रत्येकी १०,००० रुपये हा सर्वांत कमी दर दिला. कुंडईच्या आपल्या कारखानदाराचा दर ११,२०० रुपये, म्हणजे १२ टक्के अधिक. पूर्वी तो येथेच संपला असता. या आदेशाप्रमाणे, सर्वांत कमी दर देणारा जर सूक्ष्म किंवा लघु उद्योग नसेल आणि आपल्या माणसाचा दर त्याच्याहून १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला १०,००० रुपयांवर उतरण्याची संधी दिली जाते. तो उतरला, तर २५ टक्के माल, म्हणजे १०० नग, त्याच्याकडून घ्यावयाचे. असे लघु उद्योग एकाहून अधिक असतील तर हा वाटा त्यांच्यात विभागला जातो. म्हणजे १५ टक्क्यांचा हा पट्टा लहानाचे संरक्षण करतो; पण शेवटी दर त्याला बड्याइतकाच लावावा लागतो. कायदा हात देतो; चालावे आपल्यालाच लागते.

हे लाभ कोणाला? लहान म्हणावयाचे कोणाला, याची व्याख्या १ एप्रिल २०२५ पासून विस्तारली. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल, तो सूक्ष्म उद्योग. गुंतवणूक पंचवीस कोटींपर्यंत आणि उलाढाल शंभर कोटींपर्यंत, तो लघु उद्योग. म्हणजे येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचे उद्योग या दोन गटांत सहज मोडतील. पण दोन मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हे धोरण स्वतः माल तयार करणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी होते, पण तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता. खरेदीतील प्राधान्य त्याला नाही. तसेच बांधकामाच्या ठेक्यांना हे धोरण लागू नाही. आपल्यात दुकानदारीची परंपरा मोठी असल्याने हा भेद नीट समजून घ्यावा. व्यापाऱ्याला निविदा भरता येते. सवलत मागता येत नाही.

आता तयारीविषयी. पहिली पायरी उद्यम नोंदणी. जुलै २०२० पासून ती संगणकावर, विनामूल्य आणि स्वतःच्या घोषणेवर होते. आधार, पॅन आणि जी.एस.टी. क्रमांक हाताशी असावेत. या सर्व कागदांवर संस्थेचे नाव अक्षरशः एकच हवे. आपल्याकडे कारखाना आजोबांच्या नावे, बँकेचे खाते वडिलांच्या नावे, वीजबिल काकांच्या नावे आणि धंदा मुलगा चालवतो, असा एकत्र कुटुंबाचा गोतावळा असतो. घरात तो प्रेमाचा असतो; निविदेत तो घातक ठरतो. म्हणून प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांशी बसून भागीदारीचा लेख करावा, मालकी कोणाची ते ठरवावे आणि मगच नोंदणीस हात घालावा. मोठ्या निविदांसाठी डिजिटल स्वाक्षरी लागते, ती मुदत संपण्याआधी नवी करावी. तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, प्राप्तिकराची विवरणपत्रे, पूर्वी पुरवलेल्या मालाची बिले आणि गिऱ्हाइकाचे समाधानपत्र यांची एक फाइल नेहमी तयार असावी. निविदा निघाल्यावर कागद शोधू लागणारा माणूस वरात निघाल्यावर अंगरखा शिवायला टाकणाऱ्यासारखा असतो.

दुसरी पायरी म्हणजे निविदा वाचणे. आपण दर कोठे भरायचा ते पाहतो आणि उरलेली साठ पाने सोडून देतो. वास्तविक त्या साठ पानांतच काम मिळण्या-न मिळण्याचा निकाल असतो. पात्रतेच्या अटी पाहाव्यात. पूर्वानुभव आणि उलाढाल यांच्या अटींत लघु उद्योगांस सवलत देण्याची तरतूद आहे. मात्र ती त्या निविदेत नमूद आहे काय, हे पाहावे. वस्तूचे वर्णन, मानकाचा क्रमांक, तपासणी कोण करणार, माल कोठे उतरवायचा, हे पाहावे. दर दाबोळीचा धरला आणि माल कोचीला पोचवायचा निघाला, असे झाल्यास नफा वाटेतच संपतो. निविदेचे शुद्धिपत्रक कधी शेवटच्या दिवसांत निघते. तेही उघडून पाहावे. शंका असेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारावी. आणि निविदा नाकारली गेली तर रुसून घरी न बसता कारण विचारावे. विचारणाऱ्यास कारण सांगितले पाहिजे, असे सामान्य वित्तीय नियमांतच लिहिले आहे. पहिल्या तीन नकारांची कारणे ज्याने लिहून ठेवली, त्याची चौथी निविदा सहसा पहिल्या पाकिटात अडत नाही.

तिसरी पायरी दराची. मघाचेच उदाहरण घेऊ. नगाला १०,००० रुपये मिळणार. लोखंड ६,४०० रुपये, मजुरी १,५००, रंग, वीज व इतर खर्च ९००, वाहतूक ४००. मिळून ९,२०० झाले. ८०० रुपये सुटले म्हणून आपण आनंदित होतो. पण लोखंडवाल्याला रोख द्यावे लागते आणि सरकारचे पैसे यावयास तीन महिने लागले, असे धरा. बँकेचे व्याज सालीना १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचे २७६ रुपये झाले. नफा उरला ५२४. माल चार आठवडे उशिरा गेला आणि करारात आठवड्याला अर्धा टक्का दंड असेल, तर आणखी २०० रुपये गेले, उरले ३२४. एवढ्यात चालत असेल तर १०,००० वर उतरावे. चालत नसेल तर उलट्या पावणीतून हसतमुखाने उठावे. पावणीत ईर्षेला पेटून किमतीच्या दुप्पट वर गेलेला गृहस्थ निदान देवाच्या नावावर समाधान मानू शकतो. निविदेत ईर्षेने खाली उतरलेल्याला ते समाधानही नाही. त्याचा कारखाना बँकेकडे जातो.

म्हणून माझा आग्रह असा की, आरंभ लहानाने करावा. ‘जेम’वर ठरावीक छोट्या रकमेपर्यंतची खरेदी कार्यालये थेट करतात, त्यापुढे तुलना करून आणि त्याहून मोठी असल्यास बोलीने करतात. नव्याने छोट्या खरेदीने सुरुवात करावी. चार कार्यालयांना माल वेळेवर दिला की त्याची नोंदच पुढील निविदेत अनुभव म्हणून उभी राहते. शिपयार्डासारख्या ठिकाणी आपल्या वस्तूसाठी विक्रेता म्हणून आधी नाव नोंदवावे. थेट काम न मिळाल्यास त्यांच्या मोठ्या पुरवठादाराचे उपकंत्राट घ्यावे. तेथे तपासणीची शिस्त अंगवळणी पडते, आणि ती शिस्त हेच पुढचे भांडवल. १९५५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय लघुउद्योग निगम आणि मडगावचे केंद्रीय सूक्ष्म-लघु उद्योग विकास कार्यालय यांचे मार्गदर्शन घेण्यास संकोच करू नये.

आता तिसऱ्या समजुतीकडे, म्हणजे पैसे मिळत नाहीत, या तक्रारीकडे येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने सांगितले आहे की, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल स्वीकारल्यापासून, करारात काहीही लिहिले असले तरी, ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास बँक रेटच्या तिप्पट दराने आणि दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. बँक रेट ६ टक्के धरला तर हे व्याज १८ टक्के होते. त्यासाठी राज्यात सुविधा परिषद असते, आणि २०१७ पासून अर्ज ‘समाधान’ या संकेतस्थळावरून करता येतो. परिषदेने आपल्या बाजूने निवाडा दिला आणि समोरच्याला न्यायालयात जावयाचे असले, तर त्याला आधी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते. परिषदेने प्रकरण ९० दिवसांत निकालात काढावे, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विलंब होतो, हे आपण जाणतो. पण कायदा कितीही चांगला असला तरी तो आपोआप धावून येत नाही. उद्यम नोंदणी काम घेण्याच्या आधीची असावी. माल स्वीकारल्याची पोच, सही आणि तारखेसह, हाती असावी. बिलाच्या स्मरणपत्रांची नक्कल असावी. आपली माणसे पुढचे काम जाईल या भीतीने हक्काचे व्याज मागत नाहीत. प्रत्येक लहानसहान विलंबावर भांडावे, असे मी म्हणत नाही. पण पैसे वर्ष-वर्ष अडकत असतील तर भिडेपोटी गप्प बसणे म्हणजे आपल्या कामगाराच्या पगाराचे ओझे आपल्याच बायकोच्या दागिन्यांवर टाकणे होय. मधला मार्गही आहे. ‘ट्रेड्स’ नावाच्या व्यवस्थेवर खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका त्यावर स्पर्धेने व्याजदर देतात आणि थोड्या वटावात पैसे लगेच हाती येतात.

शेवटी एका नाजूक गोष्टीकडे वळतो. ती बोलण्याचे धाडस मी महाजनांच्या सभेतच करू शकतो, कारण येथे सर्व आपले आहेत. पावणीच्या वेळी दोन भाऊबंद एकमेकांकडे पाहून खुणेने ठरवतात की, या वर्षी तू घे, पुढच्या वर्षी मी. गावात ते समजूतदारपणाचे मानले जाते. हीच सवय निविदेत नेली तर तो अपराध होतो. चौघांनी आधी बसून कोणी कमी दर भरायचा आणि कोणी नावापुरते पाकीट टाकायचे, हे ठरवणे २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने निषिद्ध केले आहे, आणि त्याचा दंड लहान उद्योगाला उठू न देण्याइतका जबर असू शकतो. सचोटीचा नियम मोडणाऱ्याला सरकारी कार्यालय दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकू शकते. पुतण्याने, मेहुण्याने किंवा शेजाऱ्याने मिळून वेगवेगळी पाकिटे भरली आणि सर्वांचे दर एकाच संगणकावरून गेले, तर ते उघडकीस येण्यास वेळ लागत नाही. एकत्र यावयाचे असेल तर उजेडात यावे. निविदेत परवानगी असेल तेथे उघड भागीदारी करावी, काम वाटून घ्यावे आणि करारावर सर्वांच्या सह्या असाव्यात. उघड सहकार आणि छुपे संगनमत यांतले अंतर आपल्या घराण्याच्या अब्रूइतके मोठे आहे.

मग महाजन मंडळाने यात काय करावे? देवस्थानाने धंदा करावा, असे माझे म्हणणे नाही. पण आपले सभागृह महिन्यातून एक दिवस तरुणांसाठी उघडे राहू शकते. एखादा निवृत्त हिशेबतपासनीस, एखादा सनदी लेखापाल, शिपयार्डात किंवा बंदरात खरेदीचे काम पाहून निवृत्त झालेला एखादा अधिकारी, असे ज्ञाते आपल्यातच आहेत. त्यांनी त्या दिवशी नव्या माणसाची पहिली निविदा वाचून द्यावी. आपल्या भगिनी घरगुती उद्योग उत्तम चालवतात. त्यांच्यासाठी राखलेल्या ३ टक्क्यांची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचवावी. आणि देवस्थान स्वतः मंडप, रोषणाई, छपाई, भोजन यांसाठी जी दरपत्रके मागवते, ती नीट लिखित अटींवर, बंद पाकिटांत मागवून सर्वांसमक्ष उघडावी. गावच्या मुलाला निविदेचा पहिला धडा देवळातच मिळाला तर दोन गोष्टी साधतील. देवस्थानचा व्यवहार निर्मळ राहील आणि मुलगा पुढे दाबोळीच्या दारात बिचकणार नाही.

मघाच्या मुलाने वडिलांना विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर या व्याख्यानात नाही, हे मी जाणतो. कोणी परदेशी जाईल, कोणी नोकरी धरील. त्यात गैर काही नाही. पण ज्याला राहावयाचे आहे, त्याच्यासमोर वडिलांची एक लेथ आणि एकच गिऱ्हाईक एवढेच असू नये. त्याच्या हाती नीट लावलेली एक फाइल असावी, दराचा खरा हिशेब असावा आणि आपला हक्क मागण्याची हिंमत असावी. एवढे त्याच्या हाती देणे आपल्याला शक्य आहे.